दक्षिण आफ्रिकेचा मानवी हक्क कायदा शिकणार असाल, तर निकाल शेवटापासून वाचा

तौलनिक संविधान कायदा हा विषय घेतला की दक्षिण आफ्रिका टाळता येत नाही, आणि दक्षिण आफ्रिका म्हटलं की पहिल्याच आठवड्यात ग्रूटबूमचा खटला समोर येतो. महिन्याभरात बहुतेकांच्या वहीत एक वाक्य पक्कं बसतं: 'संविधान न्यायालयाने झोपडीवासीयांना घराचा हक्क मिळवून दिला.' हे वाक्य चुकीचं आहे. त्याच्यावर रचलेला निबंध, मूट कोर्टातला (सरावाच्या खटल्यातला) युक्तिवाद, प्रबंधाचा पहिला मसुदा, सगळं पुढे कोसळतं, आणि कोसळायला लागतं तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून हा लेख बराचसा याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे. वर्णभेद, १९९४ची निवडणूक, १९९६चं संविधान हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालू या.

आधी मूळ मजकूर. हक्कांचा जाहीरनामा म्हणजे संविधानाचं दुसरं प्रकरण, कलम ७ ते ३९. ही पानं छापून घ्या आणि पहिल्या वाचनाला भाष्य, टीपा, काहीही सोबत ठेवू नका. प्रत्येक सामाजिक हक्कापुढे पेन्सिलने एक खूण करायची: हा हक्क विनाअट आहे, की त्याला साधनांची अट लावलेली आहे?

कलम २६ घ्या. पोटकलम १ म्हणतं, पुरेसा निवारा मिळवता येण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पोटकलम २ म्हणतं, राज्याने उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, वाजवी कायदे आणि इतर उपाय करून हा हक्क टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आणायचा. पोटकलम ३ म्हणतं, सगळी परिस्थिती विचारात घेऊन न्यायालयाने दिलेल्या आदेशाशिवाय कुणालाही राहत्या घरातून काढता येणार नाही आणि त्याचं घर पाडता येणार नाही. पहिली दोन एकत्र वाचायची, तिसरं स्वतंत्र. तिसऱ्याला 'पैसे असतील तर' ही सोय नाही. कलम २७ची (आरोग्यसेवा, अन्न, पाणी, सामाजिक सुरक्षा) बांधणी तशीच, आणि तिथलंही तिसरं पोटकलम वेगळं: तातडीचे उपचार कुणालाही नाकारता येणार नाहीत. कलम २८मधले मुलांचे हक्क आणि कलम २९मधला मूलभूत शिक्षणाचा हक्क यांना टप्प्याटप्प्याची अट नाही. उच्च शिक्षणाला मात्र आहे. ही खूण न करता पुढे गेलात तर प्रत्येक निकाल तुम्हाला एकसारखाच दिसेल.

आता ग्रूटबूम. केपटाउनच्या पूर्वेच्या टोकाला वॉलेसडीन नावाची वस्ती. नळ नाहीत, गटारं नाहीत, वीज फक्त पाच टक्के झोपड्यांत. तिथून काही कुटुंबं शेजारच्या खासगी जमिनीवर गेली. ती जमीन स्वस्त घरांसाठी राखलेली होती. मालकाने आदेश मिळवला आणि मे १९९९मध्ये, ठरल्या तारखेच्या एक दिवस आधीच, झोपड्या बुलडोझरने पाडून जाळल्या गेल्या. केपचा पावसाळी हिवाळा तोंडावर होता. माणसं खेळाच्या मैदानावर प्लास्टिकखाली येऊन राहिली. खटल्यात ५१० मुलं आणि ३९० प्रौढ होते. उच्च न्यायालयाने कलम २६वर काही दिलं नाही. कलम २८ खाली मुलांना आणि त्यांच्यासोबत पालकांना निवारा द्या, म्हणजे निदान तंबू, फिरती शौचालयं आणि नियमित पाणी द्या, असं सांगितलं.

४ ऑक्टोबर २००० रोजी संविधान न्यायालयाने, म्हणजे संविधानाच्या बाबतीत तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, निकाल दिला. न्यायमूर्ती झॅक याकूब यांनी लिहिलेला हा निकाल आजही जगभर शिकवला जातो. त्यात काय ठरलं ते नीट बघा. कलम २८वरचा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला. तंबू देण्याचा आदेश त्याबरोबरच गेला. त्याऐवजी न्यायालयाने जाहीर केलं की, राज्याने सर्वसमावेशक आणि समन्वय असलेला निवारा कार्यक्रम आखायला हवा, ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही अशांना तातडीचा आधार देण्याची सोय त्यात असायला हवी, आणि खटला दाखल झाला तेव्हा केप महानगर भागातला कार्यक्रम या कसोटीला उतरत नव्हता. बस, एवढंच. कुणाला, किती दिवसांत, काय द्यायचं याबद्दल त्या अंतिम आदेशात एक ओळ नाही. देखरेखीचं काम मानवी हक्क आयोगावर सोपवलं गेलं. मैदानावरच्या लोकांना मिळालेली तात्पुरती सोय सुनावणीच्या काळातल्या तडजोडीतून आली होती, अंतिम निकालातून आलेली नव्हती. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या.

मग हा निकाल निरुपयोगी होता का? मुळीच नाही, आणि दुसऱ्या टोकाला जाणारे विद्यार्थी इथे तितकेच फसतात. २००४मध्ये राष्ट्रीय निवारा संहितेत आपत्कालीन निवाऱ्याचा कार्यक्रम घातला गेला तो याच निकालामुळे. पुढची दहा-पंधरा वर्षं घराबाहेर काढण्याचे जे खटले झाले ते सगळे याच पायावर उभे आहेत. फक्त फायदा एका कुटुंबाच्या हातात किल्लीच्या रूपाने आला नाही. सरकारला आपल्या धोरणाचं समर्थन करायला लावण्याचा अधिकार मिळाला. हा फरक वहीत लाल शाईने लिहा.

म्हणून निकाल शेवटापासून वाचायचा. शेवटच्या पानावरचा आदेश आधी, मग कारणं, मग वस्तुस्थिती. आणि प्रत्येक खटल्यासाठी चार रकाने आखायचे: कोणतं कलम, कोणती कसोटी लावली, नेमका आदेश काय, त्यानंतर काय घडलं. पहिले तीन निकालपत्रात सापडतात. चौथ्यासाठी बाहेर जावं लागतं: त्याच प्रकरणातले पुढचे आदेश, मानवी हक्क आयोगाचे अहवाल, संसदीय समित्यांच्या बैठकांच्या नोंदी, ग्राउंडअपसारखी बातमीपत्रं. चौथा रकाना रिकामा ठेवून त्या खटल्यावर मत देऊ नका. परीक्षकाला ते लगेच कळतं, आणि तिथल्या वकिलांना तर त्याहून लवकर.

कसोटीबद्दल थोडं. 'वाजवीपणा' म्हटलं की आपण प्रशासकीय कायद्यातली सैल कसोटी समजतो. इथे तिचे भाग ठरलेले आहेत. कार्यक्रम सर्वसमावेशक हवा. केंद्र, प्रांत आणि पालिका यांच्यात जबाबदाऱ्या वाटलेल्या हव्यात आणि त्यासोबत पैसा व माणसंही हवीत. तो लवचीक हवा. आजची निकड आणि दूरचं उद्दिष्ट दोन्ही त्यात हवीत. समाजाचा मोठा भाग त्यातून वगळलेला नको. आणि कागदावर चांगला असून चालत नाही, अंमलबजावणीही वाजवी हवी. संयुक्त राष्ट्रांच्या समितीची 'किमान गाभा' ही कल्पना, म्हणजे प्रत्येकाला निदान इतकं दिलंच पाहिजे ही मोजपट्टी, न्यायालयाने ग्रूटबूममध्ये स्वीकारली नाही आणि पुढच्या खटल्यांतही नाही. अनेक उत्तरपत्रिकांत नेमकं उलटं लिहिलेलं असतं.

भारतीय विद्यार्थ्यांची एक खास अडचण आहे. आपण अनुच्छेद २१वर वाढलेलो. जगण्याच्या हक्कात उपजीविका आली, आरोग्य आलं, निवारा आला, कारण आपल्या मार्गदर्शक तत्त्वांवर न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. ती सवय घेऊन दक्षिण आफ्रिकेत गेलात की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. १९९७चा सुब्रमनी खटला बघा. डर्बनच्या अॅडिंग्टन रुग्णालयात डायलिसिसची वीस यंत्रं होती आणि रुग्ण त्याहून कितीतरी जास्त. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला पात्र असणाऱ्यांना प्राधान्य, असा नियम होता. हृदयविकारामुळे सुब्रमनी त्यात बसत नव्हते. त्यांच्या बाजूने कलम ११, म्हणजे जगण्याचा हक्क, आणि तातडीच्या उपचारांचं पोटकलम असे दोन्ही मुद्दे मांडले गेले, तातडीच्या उपचारांवरच्या आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती निकालाचाही आधार घेतला गेला. न्यायालयाने सांगितलं की भारतीय संविधानात आरोग्यसेवेचं स्वतंत्र, अमलात आणता येणारं कलम नाही, आमच्याकडे कलम २७ आहे, तेव्हा वाद त्याच कलमाखाली सुटेल. आणि सततचे, आयुष्य वाढवणारे उपचार म्हणजे अचानक आलेली आणीबाणी नव्हे. दावा फेटाळला गेला. निकालानंतर थोड्याच दिवसांत सुब्रमनी वारले. हा निकाल वाचायला जड जातो. तरीही तो ग्रूटबूमच्या आधी वाचा, मागाहून नको.

मग २००२चा ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन या एचआयव्हीवरच्या उपचारांसाठी लढणाऱ्या संघटनेचा खटला का जिंकला गेला? आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून दिलं जाणारं नेविरापिन प्रत्येक प्रांतात फक्त दोन ठराविक केंद्रांवर मिळत होतं. कंपनीने ते पाच वर्षं फुकट द्यायची तयारी दाखवली होती. सरकारी रुग्णालयांतल्या इतर डॉक्टरांना मात्र ते द्यायला मनाई होती. म्हणजे अडसर पैशाचा कमी आणि धोरणाचा जास्त होता. त्यामुळे न्यायालयाला थेट 'ही बंदी विनाविलंब उठवा' असं म्हणता आलं. कसोटी तीच, आदेश वेगळा. सुब्रमनी आणि हा खटला शेजारी शेजारी ठेवले की साधनांचा मुद्दा जितका समजतो तितका कोणत्याही व्याख्यानातून समजत नाही.

आकड्यांनी बोलणारा खटला हवा असेल तर माझिबुको, २००९. सोवेटोच्या फिरी भागात जोहान्सबर्ग पालिकेने आधी पैसे भरायचे पाण्याचे मीटर बसवले. दर घराला महिन्याला सहा किलोलिटर पाणी फुकट, ते संपलं की पैसे भरेपर्यंत नळ बंद. उच्च न्यायालयाने माणशी रोज ५० लिटर ठरवले, ब्लूमफाँटेनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ४२, आणि संविधान न्यायालयाने दोन्ही आकडे पुसून पालिकेचं धोरण वाजवी ठरवलं. किती लिटर हे ठरवणं आमचं काम नाही, असं त्यांनी म्हटलं. न्यायमूर्ती केट ओरेगन यांचा युक्तिवाद अत्यंत नेटका आहे, आणि माझ्या मते निष्कर्ष चुकीचा आहे: एकाच अंगणात तीन-चार कुटुंबं राहतात तिथे 'दर घराला' हे मापच फसवं ठरतं. तुम्हाला उलट वाटू शकतं, पण मत बनवण्याआधी तिन्ही न्यायालयांचे निकाल वाचा, फक्त शेवटचा नको.

विनाअट हक्काचं उदाहरण म्हणजे लिंपोपोची पाठ्यपुस्तकं. २०१२च्या जानेवारीत शाळा सुरू झाल्या आणि कित्येक वर्गांत पुस्तकं पोहोचलीच नाहीत. मे महिन्यात उच्च न्यायालयाने तारीख घालून आदेश दिला, ती तारीख उलटली, पुन्हा न्यायालयात जावं लागलं. शेवटी २०१५मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक विद्यार्थ्याला, शिकवणं सुरू होण्याआधी, प्रत्येक विषयाचं पुस्तक मिळालंच पाहिजे. ९७ टक्क्यांना मिळाली, ९८ टक्क्यांना मिळाली, हा बचाव इथे चालत नाही. कलम २९ला 'टप्प्याटप्प्याने' ही पळवाट नाही, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

घराबाहेर काढण्याचे खटले

इथे थांबून काम करा. इंटर्नशिपला गेलात तर हातात पहिली फाइल बहुधा याच प्रकारची येईल.

मूळ कायदा १९९८चा क्रमांक १९, बेकायदा निष्कासन आणि बेकायदा ताबा प्रतिबंधक कायदा. तिथे सगळे त्याला 'पाय' म्हणतात. वर्णभेदाच्या काळातला १९५१चा कायदा झोपडीत राहणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवायचा. या कायद्याने तो रद्द केला आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर काढणं हा गुन्हा ठरवला. खासगी मालकासाठी कलम ४, तातडीच्या आदेशासाठी कलम ५, सरकारी संस्थेसाठी कलम ६. फाइल उघडल्यावर क्रमाने हे बघायचं:

जमीन कुठली आहे? शेतजमिनीवर मालकाच्या संमतीने राहणारे मजूर असतील तर हा कायदा लागूच होत नाही, १९९७चा क्रमांक ६२चा कायदा लागतो. भाडेकरार संपूनही राहणारा भाडेकरू मात्र 'पाय'खाली येतो, हे २००२मध्ये ठरलं आहे. चुकीच्या कायद्याखाली लिहिलेलं प्रतिज्ञापत्र पुढे कितीही सुंदर असलं तरी फुकट जातं.

नोटीस कधी आणि कशी बजावली? सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी, राहणाऱ्यांना आणि पालिकेला, दोघांनाही. नोटिशीचा मजकूर आणि ती बजावण्याची पद्धत न्यायालयाने मंजूर केलेली असावी लागते. तिच्यात तारीख, कारणं, आणि हजर राहून बचाव करण्याचा व कायदेशीर मदत मागण्याचा हक्क नमूद हवा. हे दोष सगळ्यात जास्त वेळा सापडतात: नोटीस वस्तीत कुणालाच न कळणाऱ्या भाषेत असते, किंवा इमारतीच्या दारावर एकच प्रत चिकटवून चारशे लोकांवर बजावल्याचं दाखवलेलं असतं.

किती काळ राहत आहेत? सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर न्यायालय वृद्ध, मुलं, अपंग आणि स्त्रियांच्या जिवावर चालणारी कुटुंबं यांच्या गरजा विशेष बघतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर त्यात आणखी एक प्रश्न येतो: पर्यायी जमीन उपलब्ध आहे का किंवा करता येईल का? म्हणून राहण्याची सुरुवात कधी झाली हे सिद्ध करणारा कागद, शाळेचा दाखला असो, दवाखान्याचं कार्ड असो, सोन्यासारखा जपायचा.

पालिका पक्षकार आहे का? नसेल तर खटला पुढे सरकत नाही. २०११च्या ब्लू मूनलाइट निकालात, जोहान्सबर्गच्या एका पडक्या औद्योगिक जागेत राहणाऱ्या ८६ लोकांबाबत, ठरलं की बाहेर काढणारा खासगी मालक असला तरी ज्यांच्यावर बेघर होण्याची पाळी येईल त्यांना तात्पुरता निवारा देणं पालिकेला टाळता येत नाही. 'अंदाजपत्रकात तरतूद नाही' हे उत्तर पुरेसं नाही, कारण तरतूद करायला हवी होती. त्याआधी २००८च्या ऑलिव्हिया रोड निकालाने आणखी एक गोष्ट घातली: बाहेर काढण्याआधी पालिकेने रहिवाशांशी खरीखुरी, अर्थपूर्ण चर्चा करायची, आणि तिची नोंद न्यायालयापुढे ठेवायची. २००४चा पोर्ट एलिझाबेथचा निकालही जरूर वाचा: २९ झोपड्या, ६८ माणसं, त्यात २३ मुलं. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी मालकी आणि निवारा या दोन हक्कांत कुणालाच आपोआप वरचढ न ठरवता प्रकरण कसं हाताळायचं ते त्यात दाखवलं आहे.

मुंबईच्या फुटपाथवरचा ओल्गा टेलिस निकाल मराठी वाचकाच्या डोक्यात इथे येणारच, आणि तुलना करायलाही हवी. १९८५मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात बसवलं. आदेश मात्र काय होता? पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, हटवू नका. पालिका कायद्याचं ३१४वं कलम वैध ठरलं. प्रत्येक वेळी आधी न्यायालयात जाण्याचं बंधन पालिकेवर आलं नाही. दक्षिण आफ्रिकेत नेमकं तेच बंधन थेट संविधानात आहे. तत्त्वांची तुलना सगळेच करतात; तुम्ही आदेशांची करा.

कागदोपत्री हक्क इतका भक्कम असूनही ३१ ऑगस्ट २०२३च्या पहाटे जोहान्सबर्गच्या मार्शलटाउनमधल्या उसिंदिसो इमारतीला आग लागली आणि ७६ माणसं मेली. इमारत पालिकेच्या मालकीची होती. कायदा शिकताना हा चौथा रकाना डोळ्यांआड होऊ देऊ नका.

आदेशाचे प्रकार आणि कोर्टाची कामं

कलम १७२ सांगतं, विसंगत कायदा अवैध ठरवणं न्यायालयाला बंधनकारक, आणि त्यापुढे 'न्याय्य व समुचित' असा कोणताही आदेश देता येतो. व्यवहारात हे प्रकार भेटतात: नुसती घोषणा, अमुक करा असा आदेश, अवैधता काही महिने स्थगित ठेवून संसदेला दुरुस्तीची संधी, आणि देखरेखीचा आदेश, ज्यात सरकारने ठराविक मुदतीत शपथेवर अहवाल द्यायचे असतात. २०१७मध्ये कोट्यवधी लोकांचं सामाजिक अनुदान बंद पडायची वेळ आली तेव्हा ब्लॅक सॅश संघटनेच्या अर्जावर न्यायालयाने हा देखरेखीचाच मार्ग घेतला. अशा आदेशांत अहवाल कोण तपासणार हे लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर अहवाल फाइलीत जाऊन बसतात.

जो स्लोव्हो वस्तीचा खटला आदेश वाचण्याच्या सवयीसाठी उत्तम आहे. केपटाउनला एन-टू महामार्गालगतच्या सुमारे २०,००० लोकांना डेल्फ्टला हलवायला २००९मध्ये संविधान न्यायालयाने परवानगी दिली. अनेकांनी तिथेच 'हरलो' म्हणून वाचन थांबवलं. पण आदेशात बारीक अटी होत्या: तात्पुरत्या घराचं माप आणि सोयी, प्रत्येक टप्प्यावर चर्चा, नव्या घरांपैकी ७० टक्के याच लोकांना. त्या अटी पाळणं सरकारला जमलं नाही, आणि २०११मध्ये न्यायालयाने स्वतःच निष्कासनाचा आदेश मागे घेतला. लोक तिथेच राहिले.

प्रक्रियेत दोन-तीन गोष्टी आपल्याहून वेगळ्या आहेत. कलम ३८मुळे स्वतःसाठी, दुसऱ्यासाठी, गटासाठी, जनहितासाठी, संघटनेच्या सभासदांसाठी, असं कुणालाही दाद मागता येते. पण पोस्टकार्डावरून याचिका दाखल करून घेण्याची आपल्याकडची पद्धत तिथे नाही. थेट संविधान न्यायालयात प्रवेश अपवादानेच मिळतो. बहुतेक संविधानिक वाद प्रतिज्ञापत्रांवर चालतात: अर्जदाराचं, मग प्रतिपक्षाचं, मग उत्तरादाखल. साक्षी-उलटतपासणी नाही. वस्तुस्थितीबद्दल वाद उभा राहिला तर, १९८४च्या प्लॅस्कॉन-इव्हान्स नियमाप्रमाणे, अंतिम आदेशासाठी प्रतिपक्षाची बाजू साधारणपणे खरी धरली जाते. त्यामुळे पहिल्या प्रतिज्ञापत्रात 'अनेक कुटुंबांना त्रास झाला' असं मोघम लिहिलं की सरकारी नकाराने ते पुसलं जातं. किती कुटुंबं, कोणत्या तारखेला, कोणता नळ किती दिवस बंद, फोटो कुणी काढला, हे सगळं तिथेच हवं. संविधान न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागायला १५ न्यायालयीन दिवस मिळतात. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून मोजा. खर्चाची भीती मात्र बाळगू नका: २००९च्या बायोवॉच निकालापासून, सरकारविरुद्ध प्रामाणिक संविधानिक मुद्दा हरणाऱ्या खासगी पक्षावर सहसा सरकारचा खर्च लादला जात नाही.

भेदभावाच्या तक्रारीसाठी समानता न्यायालयं आहेत, २०००च्या क्रमांक ४च्या कायद्याखाली, वकिलाशिवायही जाता येतं. डर्बनच्या शाळेत चमकी घालून येणाऱ्या दक्षिण भारतीय वंशाच्या हिंदू मुलीचा पिल्ले खटला तिथूनच सुरू झाला. २००७मध्ये संविधान न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. तरी शाळेला नियमावलीत अपवादाची सोय करावी लागली. धर्म आणि रूढी यांतली सीमारेषा या निकालात फार सुरेख हाताळली आहे.

साहित्याची चिंता करू नका, जवळपास सगळं फुकट आहे. साफ्ली या संकेतस्थळावर निकाल मिळतात. उद्धरणातली अक्षरं ओळखायला शिका: झेडएसीसी म्हणजे संविधान न्यायालय, झेडएएससीए म्हणजे सर्वोच्च अपील न्यायालय. नाव 'सर्वोच्च' असलं तरी ते सर्वांत वरचं नाही. संविधान न्यायालयाच्या संग्रहात निकालाशिवाय दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं आणि लेखी युक्तिवादही सापडतात. तयार टिपणं, हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश), संगणकाकडून करून घेतलेले सारांश यांच्याबद्दल माझं मत कडक आहे: त्यांत आदेश एका ओळीत गुंडाळलेला असतो, आणि याच विषयात तो गुंडाळता येत नाही. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा एक गोष्ट बघा. 'परिवर्तनशील संविधानवाद' हा शब्द पहिल्या तासाला फळ्यावर लिहिणाऱ्यापेक्षा, एका खटल्याची मूळ कागदपत्रं तुमच्यापुढे टाकून 'यात काय कमी आहे?' विचारणारा मार्गदर्शक दसपट उपयोगी. असा कुणी भेटला नाही तरी खचू नका. एका खटल्याची संपूर्ण फाइल मन लावून वाचणं कुणालाही जमतं, आणि ती वाचून झाल्यावर पुढचे दहा निकाल हलके जातात.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. तिथे अॅटर्नी किंवा अॅडव्होकेट म्हणून प्रवेश मिळायला नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास लागतो. २०१४च्या विधी व्यवसाय कायद्यातली ही अट संविधान न्यायालयाने २०२२मध्ये राफोनेके खटल्यात वैध ठरवली. म्हणजे एलएलएम करून विद्यार्थी व्हिसावर सनद मिळेल, या आशेवर कर्ज काढू नका. परदेशी पदवीचं मूल्यांकन तिथल्या पात्रता प्राधिकरणाकडून करून घ्यावं लागतं, त्याचे कागद भारतातून निघण्यापूर्वीच जमवा. सनद नसली तरी संशोधक म्हणून दारं उघडी आहेत: लीगल रिसोर्सेस सेंटर, सेक्शन-ट्वेंटीसेव्हन, सामाजिक-आर्थिक हक्क संस्था सेरी, लॉयर्स फॉर ह्यूमन राइट्स. संविधान न्यायालय परदेशी विधी लिपिकही घेतं. अर्जासोबत लेखनाचा नमुना जोडताना मोठ्या सिद्धांताऐवजी एकाच खटल्याचा चौथा रकाना भरून पाठवा, सात-आठ पानांत, तारखांसह.